कानामागचा गुलाल

आमच्या प्रयोगशाळेच्या दारात पुकळे अण्णा कुणाचा चेहरा बघत नसत, कानामागे बघत. आत धुळीचा कणही चालत नसे. पांढरा झगा, टोपी, मोजे चढवून आम्ही रांगेत उभे राहायचो आणि ते पलटणीतल्या हजेरीसारखे एकेकाचे कान तपासायचे. विभागप्रमुखांनाही एकदा त्यांनी कपाळावरच्या गंधासाठी माघारी पाठवलं. "पुसून या सर. देव रागवत न्हाई, चिप रागावती."

अण्णा म्हसवडजवळचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ते फौजेत गेले, वीस वर्षं बिनतारी संचावर बसले आणि नंतर सांगलीतल्या आमच्या कॉलेजात तंत्रसहायक झाले. मी साताऱ्याहून पीएच.डी.साठी आले तेव्हा निम्मं काम त्यांनीच शिकवलं. मोबाइलच्या टॉवरमध्ये, रडारमध्ये लहरींची वाट बदलायला स्विच लागतो. तो चिपबाहेर ठेवला की जोडतारेतच बराचसा संदेश विरतो. म्हणून आम्ही तो चिपवरच बांधत होतो: केसाहून कितीतरी पातळ सोन्याची पट्टी, ओढ्यावरच्या साकवासारखी. वीज दिली की वाकते, काढली की वर येते. सूक्ष्मदर्शकातून ती बघताना अण्णा श्वास रोखून धरत. "लय लाजाळू हाय," म्हणायचे.

त्या वर्षी बाहेरच्या कंपनीकडून सहाच चिपा आल्या. माझा सगळा प्रबंध त्यांच्यावर होता. पट्ट्या बसवल्या, चाचणी घेतली, तर एकही स्विच नीट चालेना. विभागप्रमुख सर म्हणाले, चिपाच सदोष असणार. तसं कंपनीला पत्र पाठवू, बदलून देतील. मला ते पटलं. खरं म्हणजे मी ते पटवून घेतलं.

अण्णा मात्र दुपारभर सूक्ष्मदर्शकापाशी बसून होते. शेवटी मला हाक मारून त्यांनी खुर्ची दिली. पट्टीच्या कडेखाली एक गुलाबी कण अडकला होता. दुसऱ्या चिपवरही तसाच. पट्ट्या बसवण्याच्या आदल्या दिवशी अण्णा म्हसवडच्या जत्रेत सिद्धनाथाच्या रथावर गुलाल उधळून आले होते. तीनदा अंघोळ केली होती त्यांनी. पण म्हसवडचा गुलाल तो.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हळूच म्हटलं, सर काही यातून बघणार नाहीत.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. "दाना माझा हाय ताई. दुसऱ्याच्या पदरात कसा टाकू?" आणि तसेच सरांच्या खोलीत गेले.

पत्र गेलं नाही. नव्या चिपा यायला दहा महिने लागले. माझं वर्ष गेलं म्हणून त्यांनी एकदा माफी मागितली, तीही अशी, की मलाच मान खाली घालावी लागली. त्यानंतर ते रथाला कधी गेले नाहीत. त्यांच्या घरच्या काकू एकट्या जायच्या. मी विचारलं तर म्हणाले, "नाथ हाय तितंच हाय. रिटायर झालो की जाईन." नव्या चिपवरची पट्टी पहिल्यांदा वाकून वर आली, तेव्हा त्यांनी फक्त हात जोडले.

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. निवृत्तीला चार महिने उरले असताना, या माघात, अण्णा झोपेतच गेले. त्यांच्या गावी तिरडीवर लोकांनी मुठी भरभरून गुलाल उधळला; इतकी वर्षं त्यांनी चुकवलेला. मी मागून चालत होते.

दुसऱ्या दिवशी दोनदा न्हाऊन मी प्रयोगशाळेच्या दारात आले. आत नव्या चिपा उघड्या करायच्या होत्या. झगा चढवला, टोपी घातली. तपासायला कुणी नव्हतं. मीच कानामागून बोट फिरवलं. बोटाचं टोक गुलाबी झालं.

मी झगा उतरवून खुंटीला लावला. त्या दिवशी आत गेले नाही.