खाली दुकान, वर घर

थोरलीचं बालपण एका लाकडी जिन्यात गेलं. जिना तरी कसला, दुकानातून वरच्या खोलीत जायला लावलेली रुंद पायऱ्यांची शिडीच. खाली वडलांचं शिवणकामाचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. पहिली मुलगी म्हणून तिला सगळे थोरली म्हणत, पाठच्या भावाला धाकटा. धाकटा आईच्या पायांत घोटाळायचा, नाहीतर रस्त्यावर हुंदडायचा. थोरली मात्र जिन्यात. तिथल्या एका ठरलेल्या पायरीवर बसलं की डोकं वरच्या खोलीत आणि पाय दुकानात. वर आई भाजी निवडता निवडता स्वतःशी पुटपुटायची ते कानावर पडायचं, आणि खाली मशीनवर वाकलेल्या वडलांच्या टाळूवरचे विरळ केस दिसायचे.

वडील अबोल. त्यात तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे गिऱ्हाईक काहीही बोललं तरी उत्तर एकच, हं. टाचण्या होत्या म्हणून आमचा संसार भांडणाशिवाय झाला, असं आई म्हणायची. थोरलीचा अभ्यास त्याच पायरीवर व्हायचा. सुईत दोरा ओवून हवा असला की वडील मान वर न करता हात तेवढा उंच करायचे आणि ती ओवून द्यायची. गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास वर चढायचा, फोडणीचा वास खाली उतरायचा, आणि ती दोन्हींच्या मधोमध पाढे पाठ करायची. जगात सगळ्यांचीच घरं अशी असतात, असं तिला पुष्कळ दिवस वाटत होतं.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले येऊन भिंतीवर लाल खुणा करून गेले. त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही, म्हणून सगळे निर्धास्त झाले, आणि एके सकाळी खरोखरच गल्ली पाडायला माणसं आली. बदल्यात गावाच्या टोकाला, एका उंच इमारतीत पाचव्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं होतं. नळ घरात, उजेड भरपूर, खिडकीतून लांबवर दिसायचं. फक्त दुकानाला जागा नव्हती. वडलांनी काही दिवस हॉलमध्ये मशीन मांडून पाहिलं, पण पँटचा काठ दुमडून घ्यायला पाचवा मजला कोण चढणार, आणि लिफ्ट तर चालण्यापेक्षा बंदच जास्त. शेवटी त्यांनी बाजारात एक गाळा भाड्याने घेतला. सकाळी डबा घेऊन निघायचे, अंधार पडल्यावर यायचे. हात-पाय धुऊन गप्प बसायचे. पूर्वीही ते बोलत नसत, पण तेव्हा ते गप्प आहेत हे थोरलीला दिसायचं तरी. आता ते दिवसभर कुठेतरी गप्प असायचे आणि घरी येईपर्यंत त्यांची गप्प बसायची ताकदही संपलेली असायची.

थोरली आर्किटेक्चर शिकायला लागली त्या वर्षी वडील गेले. गाळ्यातच, बसल्या जागी. निरोप यायला दुपार टळून गेली. त्या मधल्या वेळाची सल तिच्या मनातून पुढे कधी गेली नाही. खाली दुकान, वर घर असतं तर आपण पायरीवर असतो, आपल्याला कळलं असतं, एवढंच तिला वाटत राहिलं.

शिक्षण संपवून ती एका नावाजलेल्या ऑफिसात लागली आणि तिथेच रमली. तिथले साहेब वयाने मोठे, मनाने मऊ आणि वेळेच्या बाबतीत भलते कडक. ऑफिस राहत्या इमारतींचं काम करायचं. एक मजला नीट जमवायचा आणि तोच एकावर एक चढवत न्यायचा, मग मजले सात असोत की सतरा. थोरली त्यात तरबेज झाली. स्वयंपाकघराची खिडकी कुठे असली म्हणजे धूर शेजाऱ्याकडे जाणार नाही, दार कुठे उघडलं म्हणजे समोरच्याच्या पलंगावर नजर पडणार नाही, हे ती नकाशावर नुसती नजर टाकून सांगायची. पण जीव रमायचा जिन्यात. जिन्याच्या वळणावर खिडकी काढ, टेकायला कट्टा दे, पायरी दोन बोटं रुंद कर, असं तिचं चालायचं. ऑफिसातली पोरं तिला पाठीमागे जिनेवाली मॅडम म्हणत. तिच्या कानावर ते आलं तेव्हा तिला बरंच वाटलं.

केसांत पांढरं दिसू लागलं त्या सुमाराला जुन्या बाजारालगतची एक मोठी जागा ऑफिसकडे आली. खाली दुकानं, वर घरं, अशी बांधायची होती. दुकानं पुढच्या मोठ्या रस्त्याला, राहणाऱ्यांचं फाटक बाजूला, दोघांची एकमेकांशी गाठ पडायला नको, असं बिल्डरचं म्हणणं. थोरलीने पुढची बाजू मुकाट्याने त्याला हवी तशी काढून दिली. मागच्या गल्लीला मात्र तिने एक वेगळीच रांग काढली. प्रत्येक लहान दुकानाच्या डोक्यावर त्याच दुकानदाराचं घर, आणि दोन्हींच्या मधे आतून एक लाकडी जिना.

बिल्डर हसला. म्हणाला, लोक दुकानातून वर येण्यासाठी धडपडतात, मॅडम, आणि तुम्ही त्यांना परत दुकानात उतरवताय. पण मागच्या गल्लीत मोठी दुकानं चालणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. साहेबांनी दोन शब्द टाकले आणि त्याने ती रांग तिच्या पदरात घातली.

थोरली त्या दिवसांत हवेत होती. तिने त्या रांगेचं पुठ्ठ्याचं मॉडेल स्वतः बसून केलं. छप्पर उचललं की खोल्या दिसायच्या, खोल्या उचलल्या की दुकान. एका रविवारी दुपारी तिने ते घरी आणून आईपुढे ठेवलं. आई तेव्हा तिच्याकडेच राहायची. वय झालं होतं, गुडघे बोलायला लागले होते, पण जीभ शाबूत होती. तिने चष्मा पुसला, मॉडेलवर वाकली आणि ओळखीचं काही दिसावं तसं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"हा आपला जिना," ती म्हणाली.

"तोच," थोरली म्हणाली.

आईने बोटाने पुठ्ठ्याच्या पायऱ्या मोजल्या. मग तिने वरच्या खोलीवर बोट ठेवून विचारलं, "आणि हिने बाहेर पडायचं कुठून?"

"कुणी?"

"वर राहणारीने."

"याच जिन्याने खाली, दुकानातून."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग ती जे बोलली ते थोरलीने तोवर तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. नळावर जायचं तर दुकानातून, बाजारात जायचं तर दुकानातून. खाली माप द्यायला परके पुरुष हात पसरून उभे, आणि त्यांच्या काखेखालून वाट काढत हिने भरलेली बादली न्यायची. आजारी असो, नुकती न्हालेली असो, नवऱ्यावर रुसलेली असो, चार लोकांपुढून गेल्यावाचून सुटका नाही. जेवायला बसावं तर खालून हाक. माहेरी आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती रडत रडत खाली उतरली. वडील काज-बटणाचं सामान आणायला गेले होते. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, आमची पँट झाली का.

"मग?" थोरलीने विचारलं.

"मग काय, दिली. झालेली होती."

आई सावकाश म्हणाली, "घर पाडलं त्या दिवशी तुम्ही सगळे रडत होतात. मीही रडले. पण नव्या घरात गेल्यावर मी दार आतून लावलं आणि पाठ टेकून उभी राहिले. कुणी बघत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा."

"पण आई, बाबा तिथेच होते गं. आपल्याजवळ होते."

"होते ना. मीही होते. तू मधे बसायचीस, म्हणून तुला दोघंही दिसायचो. आम्हाला एकमेकांचे नुसते आवाज." मग लेकीचा चेहरा पाहून ती जरा नरमली. "दुरून डोंगर साजरे गं. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. तू तेवढीशी होतीस."

थोरली रुसली. एवढी घोडी झाली तरी रुसली. काही दिवस तिने मॉडेलवरची धूळसुद्धा झटकली नाही, आणि आईशी औषधाच्या वेळांपलीकडे बोलली नाही. वडलांची एवढी एक आठवण काय ती हाती उरली होती, तिलाही आईने खडूने खूण करून कात्री लावली, असं तिला वाटत होतं. त्यातून तिला बाहेर काढलं ते कुणाच्या समजुतीने नव्हे, कामानेच. नकाशा अर्धवट टाकवत नाही म्हणून ती परत टेबलाशी बसली, आणि या वेळी मनाने पायरीवर बसण्याऐवजी वरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. इथून मला कुणाच्या नजरेला न पडता बाहेर जायचंय, कसं जाऊ?

उत्तर सोपं होतं, अमलात आणणं अवघड. दुसरा जिना हवा, आणि दुसरा जिना म्हणजे दुकानांची जागा खाणार. बिल्डरने हात झटकले. एक जिना दिला तर दुसरा मागता, हे म्हणजे बोट दिल्यावर हात धरणं झालं, म्हणाला. साहेबांनीही नकारार्थी मान हलवली. थोरलीच्या नाकी नऊ आले. अखेर दुकानांची जागा कमी जावी म्हणून तिने दोन-दोन घरांत मिळून एक बाहेरचा जिना बसवला. तो बाजूच्या बोळात उतरायचा, आणि त्याला असं एक वळण दिलं की कोण आलं कोण गेलं, ते दुकानातून दिसू नये. वळणावर खिडकी आणि टेकायला कट्टा. ते तिने सोडलं नाही. आतला जिनाही ठेवला, फक्त त्याला वरच्या तोंडाशी दार दिलं आणि कडी वरच्या खोलीच्या बाजूने.

"कडी वरूनच का?" बिल्डरने बैठकीत विचारलं. थोरली मोठं उत्तर तयार करून गेली होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "जाऊ द्या, कडीच आहे. लावा कुठेही."

इमारत उभी राहिली. लोक राहायला यायच्या आधी थोरली आईला तिथे घेऊन गेली. भिंतींना रंगाचा वास, जमिनीवर सिमेंटची पांढरट पूड. आई बाहेरच्या जिन्याने चढली, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने लेकीचा खांदा धरून. वळणावरच्या कट्ट्यावर बसून तिने दम घेतला. वर पोचल्यावर तिने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, कडी सरकवून पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "तू खाली दुकानात जा आणि काहीतरी बोल."

थोरली खाली गेली. रिकाम्या दुकानात एकटीने काय बोलायचं ते तिला कळेना. तिने पाढे म्हणायला सुरुवात केली. पुढचं आठवेना तेव्हा ती थांबली आणि वर आली. आई बंद दाराशी कान देऊन उभी होती.

"येतो का गं आवाज?" थोरलीने विचारलं. "येत असेल तर सांगते मी, दाराला आतून काही लावून घेता येईल."

"येतोय थोडा," आई म्हणाली. "तेवढा असू दे."

परतताना रिक्षात आईने लेकीचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता, आणि घर येईपर्यंत सोडला नाही. पुढे दोन-तीन वर्षं आई होती. त्या काळात त्या दोघी जुन्या घराबद्दल पुष्कळ बोलल्या. थोरली आपलं सांगायची, आई आपलं. दोन्ही घरं वेगळीच वाटायची. कधी कधी आई म्हणायची, आपण दोघी एकाच ठिकाणी राहत होतो ना नक्की, आणि मग दोघी हसायच्या.

आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी, निवृत्त झाल्यावर, थोरली एकदा सहज त्या गल्लीत गेली. सायकल दुरुस्तीवाला, फुलवाली, चष्मेवाला, एक केस कापायचं दुकान. वर खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. एका घराने आतला जिना फळी मारून बंद केला होता आणि पायऱ्यांवर चपला-बुटांचं कपाट झालं होतं. एकाने वरचीही खोली दुकानातच घेतली होती. थोरलीला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. चष्मेवाल्याकडे मात्र वरून चहाचा कप खाली येताना दिसला, आणि ती थोडा वेळ उगीचच काचेतल्या चष्म्यांच्या काड्या बघत उभी राहिली.

बोळाच्या तोंडाशी फुलवालीची सून भेटली. बाई बराच वेळ वर बघतेय, म्हणजे घर शोधत असणार, असा तिने ग्रह करून घेतला आणि म्हणाली, "वरची घरं बघायचीत का? आमचं बघा, या." थोरलीने नाही म्हटलं नाही. जिना चढता चढता सून सांगत होती, घर तसं झकास आहे, पण ज्याने कुणी काढलं त्याला कपाट वर न्यायची अक्कल नव्हती. या वळणात आमचं कपाट असं अडकलं की शेवटी खिडकीतून दोराने ओढून घ्यावं लागलं.

"खरंच की," थोरली म्हणाली. "वळण जरा मोठं हवं होतं."

"नाहीतर काय. पण बसायला बरं आहे. संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी असतो इथे."

तिने कट्ट्यावर पडलेलं लहान मुलाचं झबलं उचललं आणि ती पुढे झाली. थोरली मागोमाग वर गेली. सुनेने तिला अगदी पहिल्यांदा घर बघणाऱ्या माणसाला दाखवतात तसं सगळं दाखवलं. ऊन कुठून येतं, पाणी किती वाजता जातं, शेजारी कसे आहेत. थोरलीने सगळं लक्ष देऊन पाहिलं, एक-दोन प्रश्नही विचारले, आणि पाणी घेणार का म्हटल्यावर हो म्हणून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.