खैरुद्दीनभाईंची चार मिनिटं

अबुधाबीच्या मुसफ्फा भागातल्या गॅरेजवाल्यांत खैरुद्दीन हमदुले एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. दुरुस्त झालेली गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत, आणि चालवताना ताशी चाळीसच्या वर जात नसत. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. खैरुद्दीनभाई खिडकीतून हात काढून त्यांना सावकाश पुढे जायची वाट दाखवायचे. या माणसाने मोटारींच्या शर्यतीसाठी स्वतःची टीम काढली आहे, असं मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सांगणाऱ्यालाच दोनदा विचारलं, की आपण एकाच खैरुद्दीनबद्दल बोलतोय ना.

कारण अर्थात त्यांची मुलगी होती. नौशीन आठवीत माझ्या वर्गात होती. विज्ञानाच्या वहीत मागच्या पानांवर इंजिनं काढायची आणि ती पुढच्या पानांवरच्या आकृत्यांपेक्षा बरीच बरोबर असायची. पुढे ती इंजिनीअर झाली आणि एक दिवस बापाला म्हणाली, "अब्बा, आय वाँट टू रेस." खैरुद्दीनभाई शारजाला गेले आणि लिलावातून एक निवृत्त टॅक्सी घेऊन आले.

इथल्या एका क्लबची जुन्या गाड्यांची शर्यत असते. नियम साधे: गाडी दहा वर्षांहून जुनी हवी आणि इंजिन कंपनीतून आलं तसंच हवं. सीट काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, आणि हिवाळाभर कधी दुबईच्या तर कधी अबुधाबीच्या ट्रॅकवर पळवायची. टीमचं नाव ठेवलं बाणकोट रेसिंग. टीममध्ये खैरुद्दीनभाई, त्यांच्या गावचा मेकॅनिक मोहिद्दीन, इंजिनाचा कान असलेला भाचा फहद, आणि रेडिओ सांभाळायला माझा आणखी एक जुना विद्यार्थी देवांश. कुठल्या गाडीने किती फेऱ्या मारल्या हे लिहायला वेळेवर येणारं आणि व्यवस्थित अक्षराचं कुणीतरी हवं होतं, म्हणून निवृत्त झाल्यावर मला बोलावलं.

पहिला वाद हॉर्नवरून झाला. नौशीनला तो वजनासाठी काढायचा होता.

"हॉर्न राहू दे," खैरुद्दीनभाई म्हणाले. "समोरून कुणी आलं तर?"

"अब्बा, एव्हरीवन गोज द सेम वे."

"ते तू म्हणतेस. चुकलेला माणूस विचारून येतो का?"

हॉर्न राहिला. पहिल्या वर्षी सोळा गाड्यांत आम्ही पंधरावे आलो. सोळाव्या गाडीचं इंजिन जळलं होतं. एका गोऱ्या गृहस्थांनी गाडीवरचं नाव वाचून आस्थेने विचारलं, की तुम्ही बँकॉकहून इतक्या लांब येता का. खैरुद्दीनभाईंनी त्यांना बसवून, पत्नी मरियमबींनी दिलेली खिमा-पॅटिस खायला घालून, बाणकोटची खाडी कुठे आहे ते वाळूत काढून दाखवलं.

दुसऱ्या वर्षी मात्र नौशीनचा हात बसला आणि फहदने इंजिनाला काय केलं कोण जाणे, आम्ही सातवे आलो. एका शर्यतीत तर तिसरे. त्याचा कप वाटीएवढा होता. तो गॅरेजच्या काउंटरवर ठेवला गेला. गिऱ्हाइकं त्यात गाडीची चावी टाकायची, आणि मग खैरुद्दीनभाई त्या गिऱ्हाइकाशी संध्याकाळपर्यंत मोजकंच बोलायचे.

तिसऱ्या वर्षी उतार लागला. फहदला खोर फक्कानच्या बंदरात नोकरी लागली आणि त्याचे शनिवार-रविवार गेले. बाकीच्या टीम नवे, चिकट टायर आणू लागल्या. आम्हीही आणले तेव्हा मरियमबी म्हणाल्या, "एक टायर सातशे दिरहम. म्हणजे सोळा हजार रुपये. आणि ते घासून संपवायला." टायरचा उपयोग खरोखर तोच होता.

त्यातच क्लबने नवा नियम केला. यायला उत्सुक टीम फार झाल्या होत्या, तेव्हा वर्षअखेर शेवटच्या चार टीमना पुढच्या वर्षी जागा नाही. मार्चमधल्या शेवटच्या शर्यतीला आम्ही बाराव्या जागेवर होतो आणि तेराव्यावर, आमच्याहून एकाच गुणाने मागे, ट्रॅकवर आमच्या शेजारच्या गाळ्यातला एलियास. हा लेबनानी गृहस्थ, पोटाने मोठा आणि स्वभावाने त्याहून मोठा. हिशेब सरळ होता. एलियासच्या पुढे शर्यत संपवली तर बाणकोट रेसिंग राहणार, नाहीतर खलास.

शर्यत दुबईला होती आणि दिवस रमजानचे. सव्वापाचला सुरुवात, दोन तास. मधल्या पाऊण तासात प्रत्येक गाडीने एकदा गाळ्यात येऊन टायर बदलायचे आणि पेट्रोल भरायचं. नौशीनला गाडी चालवायची म्हणून मरियमबींनी त्या दिवशी रोजा ठेवू दिला नव्हता. खैरुद्दीनभाई आणि मोहिद्दीन यांचा रोजा होता. तेव्हा खैरुद्दीनभाईंनी आठवडाभर आधी बेत आखला. गॅरेजच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्या दिवशीचा इफ्तार सहा एकोणतीसला होता. गाडी सहा पंचवीसला आत घ्यायची, दोन मिनिटांत काम, सत्तावीसला बाहेर, हात धुवायचे, एकोणतीसला खजूर तोंडात. मी तो माझ्या पांढऱ्या पाटीवर लाल शाईने लिहिला. फार सुबक दिसत होता.

सहा पंचवीसला आम्ही दहाव्या जागेवर होतो. एलियासची गाडी टायर बदलून नुकतीच बाहेर पडली होती आणि तिच्याहून आम्ही चांगले पुढे होतो. देवांश रेडिओवर "बॉक्स, बॉक्स", म्हणजे गाळ्यात ये, असं म्हणाला, नौशीनने गाडी गाळ्यापुढे अचूक आणून उभी केली, मोहिद्दीनने हवेच्या बंदुकीने पहिल्या चाकाचे नट काढले, चाक काढलं. आणि जवळच्या मशिदीत अजान झाली.

तक्ता अबुधाबीचा होता. सूर्य दुबईला चार मिनिटं आधी मावळतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की प्रश्नपत्रिकेखालची टीप आधी वाचा.

आता खैरुद्दीनभाईंच्या गॅरेजचा सव्वीस वर्षांचा एक शिरस्ता आहे. इफ्तारची अजान झाली की कुणी कामाला हात लावायचा नाही. ते स्वतः कॉम्प्रेसरचं बटण बंद करतात, टाकीचा नळ उघडून सगळी हवा सोडून देतात, म्हणजे कुणाला मोह नको. मग पहिली थाळी शेजारच्या शेडमध्ये जाते आणि त्यानंतर आपण बसायचं. त्या संध्याकाळीही त्यांच्या हातांनी हेच केलं. डोक्याला कुणी विचारलंच नाही. बटण बंद. नळ उघडा. फुस्स करून हवा गेली. मोहिद्दीनच्या हातातली बंदूक मुकी झाली, त्यानेही सवयीने ती खाली ठेवली आणि खजूर घेतला. खैरुद्दीनभाई थाळी उचलून एलियासच्या गाळ्यात गेले.

"अब्बा?" गाडीतून आवाज आला. "अब्बा, व्हॉट आर यू डूइंग?"

परत येताना त्यांना गाडी दिसली. तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मग पाटीकडे बघत राहिले.

"पाना," ते म्हणाले. "मोहिद्दीन, हातपाना. यल्ला, चल."

चारही चाकं हातपान्याने बसवली. तीन चाकांचे नट त्या दोघांनी, चौथ्याचे देवांशने, कार्यालयात माऊसखेरीज काही न उचललेल्या हातांनी. गाडी निघाली तेव्हा पावणेतीन मिनिटं जास्तीची गेली होती. नौशीनने त्यानंतर अशी गाडी चालवली, की शेवटी एलियासच्या आणि आमच्या गाडीत अकरा सेकंद उरले. पण ते अकरा सेकंद एलियासच्या बाजूला होते.

एलियास रिकामी थाळी परत द्यायला आला. "हबीबी, खजूर फार चांगले होते," एवढं तो म्हणाला आणि रडवेला झाला. खैरुद्दीनभाईंनीच त्याची समजूत काढली.

परत येताना पिकअप नौशीन चालवत होती. दुबईबाहेरचं जबल अली मागे पडलं.

"मी चूक केली," शेवटी खैरुद्दीनभाई म्हणाले.

"येस, अब्बा."

"रागावलीस?"

"टिल अबुधाबी," ती म्हणाली. "देन आय विल स्टॉप."

आणि खरोखर अबुधाबी आल्यावर, मोहम्मद बिन झायद सिटीच्या वळणावर तिने चहासाठी गाडी थांबवली.

पुढच्या हंगामासाठी अर्ज केला तर प्रतीक्षायादीत नाव सहावं निघालं. गाडीवर चादर पडली. मोहिद्दीन तिच्या टपावर चहाचा पेला ठेवू लागला आणि खैरुद्दीनभाई त्याला काही म्हणेनात, यावरून मी काय ते समजले. मग सप्टेंबरात एलियासचा फोन आला. त्याचा ड्रायव्हर कॅनडाला गेला होता. नौशीन चालवेल का?

"जा की," खैरुद्दीनभाई म्हणाले. "एलियास चांगला माणूस आहे."

"अब्बा, तुम्ही याल?"

"मला शनिवारी काम असतं."

शनिवारी त्यांना काम नसे. नोव्हेंबरात अबुधाबीच्या ट्रॅकवर शर्यत होती, गॅरेजपासून वीस मिनिटांवर. सकाळपासून ते एकाच गाडीचं बॉनेट उघडत आणि लावत होते. दुपारी मरियमबी थर्मास घेऊन गॅरेजमध्ये आल्या. मी बरोबर होते.

"अहो, चला."

"दुसऱ्याच्या गाडीत बसलेली बघायला?"

"गाडी दुसऱ्याची आहे. पोरगी कुणाची आहे? आणि आज चाळीसने चालवू नका, सुरुवात चुकेल."

आता त्यांना गाळा नव्हता, म्हणून आम्ही प्रेक्षकांत बसलो, एका तीव्र वळणासमोर. तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की या माणसाने तीन वर्षं टीम चालवली पण मुलीला गाडी चालवताना कधी पाहिलंच नाही. गाळ्यातून दिसतं ते सरळ रस्त्यावरून सणकन गेलेलं एक नाव आणि नंबर. तेवढ्यात ते टायरचा दाब बघत असायचे. वळणावर काय होतं ते त्यांना रात्री ती सांगायची, तेही अर्धं इंग्रजीत.

पाचव्या फेरीला ती तीन गाड्यांच्या मागे वळणाकडे आली. पुढच्या तिघांचे ब्रेकचे लाल दिवे लागले. हिचा लागला नाही. आणखी लागला नाही. मरियमबींनी डोळे मिटले. मग दिवा लागला, गाडीचं नाक आत वळलं, आणि वळण संपेपर्यंत ती तिघांपैकी दोघांच्या पुढे होती.

खैरुद्दीनभाई उभे राहिले होते.

"काय झालं?" मरियमबींनी डोळे उघडून विचारलं.

"वळणाआधीची शंभर मीटरची पाटी गेल्यावर ब्रेक मारला तिने."

"म्हणजे वाईट?"

"आपल्या गाडीत तिला हे करता आलं नसतं," ते म्हणाले. "आपले ब्रेक एवढे नव्हतेच. बोलली नाही कधी."

गाड्या पुन्हा त्या वळणाकडे येऊ लागल्या. ते उभेच होते. मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "अंकल, बैठो ना यार, कुछ दिखता नहीं." खैरुद्दीनभाईंना ऐकू जात नव्हतं. मरियमबींनी मागे वळून त्या माणसाला थर्मासमधला चहा ओतून दिला आणि जरा पलीकडे सरकून बसायला सांगितलं.