ज्याचं रील नाही असा आजार

गावात काही चांगलं करायला जावं, तर चांगलं किती होतं देव जाणे. किस्से मात्र ढिगाने जमतात! मी दिल्लीत मानसशास्त्र शिकले आणि कळंबला परतले ती ठरवूनच, की इथल्या पोरांनी मनातलं उघड बोललं पाहिजे. दर रविवारी सकाळी गावच्या अभ्यासिकेत 'मोकळं बोलू' सुरू केलं. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरंही यायला लागली. आणि बोलायला लागली!

*

स्नेहाने पहिल्याच रविवारी जाहीर केलं, "ताई, माझं लक्षच टिकत नाही. मला एडीएचडी आहे."

"कोणी सांगितलं?"

"रीलमध्ये लक्षणं होती. सगळी जुळली."

जणू पत्रिकाच! घरीही तिने तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची आई पेढे घेऊन आमच्या दारात. "इंजिनिअरिंग करता करता एडीएचडी बी केली पोरीनं! आमच्या घरात पयलीच!"

*

रोहितच्या घरी पाव्हणे आले. वडिलांनी हाक मारली तर हा आतूनच म्हणाला, "मी बाहेर येणार नाही. मी इंट्रोव्हर्ट आहे."

"इन्व्हर्टर हायेस ना?" वडील म्हणाले. "मग लाईट गेलीय, आता तरी चालू हो की!"

*

मलाही प्रसाद मिळाला. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, मी शांतपणे समजावलं, "माझ्या खोलीत विचारल्याशिवाय यायचं नाही. ही माझी बाउंड्री आहे."

दादांनी चष्मा काढला. "सरकारी मोजणी कधी आणली होतीस?"

*

एका रविवारी सगळ्यांना एकदम ओसीडी झाला. त्याआधीच्या रविवारी सगळ्यांना अँग्झायटी होती. फक्त एक पोरगा ठणठणीत. त्याचा डेटा संपला होता!

मी तळमळीने सांगितलं, "अरे, आजाराचं नाव म्हणजे टी-शर्ट नाही, आवडला की घातला!"

स्नेहा म्हणाली, "ताई, हे छान बोललात. याचं रील करू?"

*

या सगळ्यांत येडगावचा प्रवीण गप्प बसायचा. घरात आजही थोडी मेंढरं, बाकी शेती. गावातला पहिला इंजिनिअर होणार म्हणून सगळ्यांचा लाडका. एकदा मी त्याला बोलतं केलं.

"झोप लागत न्हाई. जेवण जात न्हाई. आन् मला काय झालंय ते कुठल्याच रीलमधी न्हाई."

"मग तू नॉर्मल आहेस, भाऊ!" रोहित ओरडला. सगळे हसले. प्रवीणही हसला. शर्ट मात्र त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

त्याला मंचरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे न्यायचंच, असं ठरवून मी येडगावला गेले. त्याचे वडील ऐकेनात. "मोबाईलचा आजार हाये. मोबाईल काढून घेतो, उतरंल."

मोबाईल गेला. झोप आली नाही.

मी पुन्हा गेले. आता वडील म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हंजी उद्या याला पोरगी कोण देईल?" या वेळी मी तावातावाने एवढं बोलले की मेंढरंही चरायची थांबली. शेवटी ते म्हणाले, "बरं. पन आदी मी एकटा आत जानार. पोरगं कुनाच्या हाती देयाचं, तर मानूस बघाया नको?"

*

मंचरला प्रवीणचा नंबर पुकारला. प्रवीण बाकावर राहिला, वडील आत गेले. आम्हाला वाटलं, दोन शब्द बोलून येतील.

दार उघडेचना. पुढचे पेशंट कुरकुरायला लागले. कंपाउंडरने टकटक केली. आतून आवाज आला, "थांब की राव!"

कधीतरी दार उघडलं. वडील उपरण्याच्या टोकाने डोळे पुसत बाहेर आले. आमच्याकडे न बघता त्यांनी प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा. मानूस बरा हाये. माजं आजून लई बाकी व्हतं, पन नंबर तुजा हाये."