अण्णांच्या सायकलचा एक्सल

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात आहे असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर त्यांची पावलं जमिनीला चिकटायला लागली होती. उंबऱ्यापाशी आले की तिथंच उभे. पण हाच माणूस सायकलवर बसवला की चालवायचा. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. सांगलीहून गावी गेलो आणि डोळ्यांनी बघितलं. आईनं धरून सीटवर बसवलं, मागून जरा ढकललं, आणि अण्णा कडेगावच्या रस्त्याला सरळ निघून गेले. डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींचं. रहदारीत सोडू नका, पण बंदही करू नका.

त्यांना उतरता तेवढं येत नसे. परत आले की आई फाटकात उभी राहून कॅरियर पकडायची.

कारखान्यावर कामाला जायला घेतलेली ती काळी, रॉड ब्रेकची सायकल. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. ब्रेकला जुन्या टायरचे तुकडे कापून लावायचो, मडगार्ड तारेनं बांधलं होतं. तेवढं निभत होतं.

दिवाळीनंतर एकदा मी स्कूटरवरून त्यांच्या मागंच होतो. ऊसतोड सुरू झालेली. दोन्ही पायडलं जोडणारा एक्सल एकदम मोडला आणि अण्णा आडवे झाले. लागलं नाही. मी उठवून उभं केलं, पण पाऊल उचलेना. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. रस्ता अरुंद, आणि अण्णा मधोमध माझा दंड धरून उभे. शेवटी ड्रायव्हरच खाली उतरला. आम्ही दोघांनी त्यांना उचलून कडेला ठेवलं. अण्णांनी मान वर केली नाही.

मोडका एक्सल खिशात घालून मी सांगलीतली दुकानं फिरलो. सगळीकडं गिअरच्या सायकली. एकानं नवा एक्सल शेजारी धरून दाखवला, आटेच वेगळे. मिरजेत एक म्हातारे दुकानदार म्हणाले, गाड्याच भंगारात गेल्या, सामान कोण ठेवणार? भंगारातही शोधलं. सापडला तो आमच्यापेक्षा झिजलेला.

मग नवी सायकल आणली. बसवलं, ढकललं. पाय पायडलावर नुसते ठेवलेले, फिरेनात. मी एकीकडून, आई दुसरीकडून, असं अंगणभर ढकलत राहिलो. अण्णा म्हणाले, "हिची पायाला वळखच न्हाई रं." आठवडाभर बघितलं आणि सोडून दिलं.

गावातल्या सायकलवाल्यानं मग कडेगावात लेथवर एक्सल करून घेतला. पायडल थोडं वाकडं फिरायचं, पण अण्णा पुन्हा कॅनॉलपर्यंत जाऊन आले. त्या दिवशी जेवताना स्वतःहून बोलले, कुणाच्या रानात उसाची लागण झालीय ते सांगितलं. आई माझ्याकडं बघत राहिली.

उन्हाळा सरेपर्यंत तो एक्सल वाकला. दुसरा केला, तोही वाकला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सायकलवाल्यानं सायकल उलटी करून मला आत बघायला लावलं. एक्सल ज्यात बसतो ते फ्रेमचं भोकच मोठं झालं होतं, शेजारी चीर गेली होती. वेल्डिंग कर म्हणालो. त्यानं सायकल पुन्हा सरळ उभी केली.

"करीन, पण चालता चालता तुटली तर? आवं, म्हातारं मानूस हाय. मी न्हाई हात लावणार."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि सायकलसाठी घातलेले पायातले बूट आईला काढायला सांगितले.

आता मी शनिवार-रविवार गावी असतो. त्यांचे दोन्ही हात धरून मी उलटा चालतो आणि ते माझ्या दिशेनं पाऊल टाकतात. न्हाणीघर दहा पावलांवरही नाही. मध्येच ते थांबतात. ओढलं तर पडतील, म्हणून मी ओढत नाही. हात धरून तसाच उभा राहतो.