तंबाखूचा चिकटा

माझी मुलगी डब्लिनमध्येच वाढली. मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत यायचं. युनिव्हर्सिटीत तिनं तुर्की घेतली तेव्हा मी खट्टू झाले. मराठी धड येत नाही आणि तुर्की कशाला? तिचा प्रोजेक्ट बल्गेरियातल्या तुर्कांच्या कवितेवर होता. त्यांच्यातल्या एक वयस्कर कवयित्री जवळच मुलाकडे राहायच्या. एका शनिवारी ती मलाही घेऊन गेली.

तुर्कीत अशा बाईंना मावशीच म्हणतात असं मुलीनं सांगितलं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्या बोलायच्या, मुलगी मला सांगायची. कम्युनिस्ट राजवटीत सुरुवातीला तुर्की पुस्तकं निघायची. मावशींचाही एक संग्रह निघाला. मग तुर्की शाळा बंद झाल्या, पुस्तकं वाचनालयांतून गायब झाली, शेवटी माणसांची तुर्की नावंच सक्तीनं बदलली गेली. नव्या बल्गेरियन नावानं लिहा, छापू, असा निरोप आला. मावशींनी लिहिणंच थांबवलं.

मी म्हटलं, आमचंही आडनाव बदललेलं आहे. आजोबा बौद्ध झाले तेव्हा त्यांनी जात सांगणारं जुनं आडनाव टाकून दिलं.

"कुणी बदलायला लावलं?" मावशींनी विचारलं.

"कुणी नाही. त्यांनी स्वतःच."

"मग तेच तुमचं खरं नाव," त्या म्हणाल्या आणि माझ्या पेल्यात पुन्हा चहा ओतला.

मुलगी त्यांची एक कविता इंग्रजीत करत होती. आई तंबाखूची पानं दोऱ्यात ओवते आहे, अशी. छापील पुस्तकात आईचे हात सोनेरी होते. मावशी म्हणाल्या, ते संपादकाचं काम. सरकारी सामुदायिक शेतावरच्या बाईचे हात काळे कसे दाखवायचे? मूळ ओळीत पानांचा काळा चिकटा होता, धुऊन न जाणारा, आईच्या हातचा पाव कडू करणारा. आता तीच ओळ हवी, असं त्यांनी सांगितलं.

मुलगी अडली. इंग्रजीतला कुठलाच शब्द तिला पटेना. मी सहज म्हटलं, आपण त्याला चिकटा म्हणतो. तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाली, मग मराठीतही करू या.

त्यानंतर आम्ही दोघी किचन टेबलाशी बसू लागलो. मी मोठ्या उत्साहानं "माता" लिहिलं.

"माता नको," ती म्हणाली. "मी तुला माता म्हणते का? आई लिही."

तिचंच बरोबर होतं.

आमच्या भागातल्या लायब्ररीत कवितावाचन झालं. पोस्टरवर मावशींचं जन्माचं नाव होतं. आधी त्यांनी वाचलं, मग मुलीनं इंग्रजीत, शेवटी मराठीत. "काळा"चा तिनं "काला" केला, तरी माझी मान ताठ झाली होती.

मावशींचा मुलगा पुढे आला. लहानपणी त्याला ही कविता पाठ होती, पण सोनेरी हातांची. "मला खरी ओळ कधी सांगितली का नाहीस?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"तू ती शाळेत म्हणून दाखवली असतीस आणि आपण सगळेच अडकलो असतो," मावशी तुर्कीत म्हणाल्या, मुलीनं मला सांगितलं.

तो खाली बसला. मावशींनी माझ्या मुलीचा हात धरला आणि मराठीतली कविता पुन्हा वाचायला सांगितली. ती उभी राहिली.