शाफ्टवरचं ठिगळ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर राहू द्या. चहा प्या आणि सुखानं घरी जा!

सोलापुरात कडधान्याच्या धंद्यात तीस वर्षं काढली मी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं दुकानात शिकलो. तुरीच्या पोत्यात हात घातला की ओल किती, खडा किती, लगेच सांगतो. मला फसवणं सोपं नाही. म्हणजे दुसऱ्याला. मी स्वतःला आरामात फसवतो.

माझी जुनी जीपगाडी आहे, आठ माणसांची. तिच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळी जाते, तिला शाफ्ट म्हणतात. इंजिनाचा जोर ती मागच्या चाकांना पोचवते. तिच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, कटकट वाजायला लागला. मिस्त्री म्हणाला, "शेठ, दोन दिवस गाडी सोडा." दोन दिवस? मोबाईलवर सगळं फुकट दाखवतात की! त्यात खंडेनवमी आलेली. गाडी धुवून पुजायची होतीच. म्हटलं, पोटातूनही पुजू.

शाफ्ट उतरवला. परत होता तसाच बसावा म्हणून खुणा केल्या, त्याही कुंकवानं! नवा क्रॉस ठोकला. मग शाफ्ट घासताना दिसलं, नळीवर बोटभर लोखंडी पट्टी वेल्ड केलेली. माझं व्यापारी डोकं लगेच पळालं. जुन्या मालकानं भोक बुजवलं असणार, आणि विकताना एक अक्षर बोलला नाही, लबाड! लावला ग्राइंडर, उडवलं ठिगळ. खाली भोकबिक काही नव्हतं. बरंच झालं म्हटलं. काळा रंग दिला, झेंडूचा हार घातला. माझ्या बहिणीची, अक्काची मुलगी प्राजक्ता आली होती, तिनं या सगळ्याचा व्हिडिओ काढला. "मामा, इंजिनिअर झालात की!" म्हणाली. मी पण झालो.

पुढच्या रविवारी त्याच प्राजक्ताची सुपारी फोडायला कुर्डुवाडीला निघालो. मुलगा चांगला, मुलाचे वडील रेल्वेत फिटर. मध्यस्थानं एकच ताकीद दिलेली, "पाहुणे गरीब हायत, पण खोटं खपत न्हाय. एक सोयरीक त्यापायीच मोडली त्यांनी." मी म्हटलं, आमच्याकडं खोटं आहेच कुठं!

गावातून बाहेर पडेपर्यंत गाडी लोण्यासारखी. हमरस्त्याला लागलो, काटा साठावर गेला आणि बुडाखालून थरथर सुरू. सीटं हलली, काचा वाजल्या, अक्काच्या बांगड्या वाजल्या. मागून दाजी म्हणाले, "मे-मे-मेव्हणे, र-र-रस्ता ख-खराब हाय का?"

रस्ता तर गुळगुळीत!

पन्नासवर आणलं की गाडी गप्प. साठ केलं की अंगात आल्यासारखी. न्यूट्रलला टाकली, तरी थरथर. म्हणजे इंजिन नाही. मग काय? थांबून चाकांत हवा बघितली. नट आवळले. पुढचं चाक मागं, मागचं पुढं केलं. थरथर जागेवर! मग वाटलं, वजन एका अंगाला होतंय. दाजींना डावीकडून उजवीकडं बसवलं.

"मी काय पोतं हाय का?" दाजी भडकले.

"दाजी, दोन मिनिटं."

"अहो, शाफ्ट तुम्हीच उघडला होता ना?" माझी बायको.

"खुणा करून बसवलाय!"

"मग कुंकू कमी पडलं असेल."

मोहोळ गेलं तरी मला काही उमगेना. शेवटी चाळीसनं रांगत गेलो. उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. मागं टाकताना हॉर्नही वाजवला! अकराच्या मुहूर्ताला आम्ही एकला पोचलो आणि पेढ्यांचा डबा उघडला तर आत नुसता चुरा.

मुलाचे वडील दारातच उभे. चेहरा घट्ट. उशिराचं कारण मी सांगितलं, तसं त्यांनी कोरा सदरा काढून खुंटीला अडकवला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. सोयरीक राहिली बाजूला!

खालून आवाज आला, "हितं पट्टी हुती की. घासून काढलीय. कुणी काढली?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"तो... कुंभारीकडचा एक मिस्त्री आहे. त्यानं."

"अडाणी दिसतोय."

"लई!" मी म्हटलं.

ते बाहेर आले, हात पुसले. "शाफ्ट फिरताना एका अंगाला जड हुतो. म्हणून दुसऱ्या अंगाला कारखान्यातच तेवढी पट्टी लावून धाडत्यात. तराजूला पासंग लावत्यात न्हवं, तसं. ह्ये कुणाबी धान्यवाल्याला कळंल." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचा धंदा काय म्हनला, मामा?"

"कडधान्य," मी म्हटलं. मलाच ऐकू आलं नाही.

"काय?"

"कडधान्य!" दाजी मागून ओरडले. काही काही माणसांना वेळ कळत नाही!

"बरं, त्या मिस्त्रीचं नाव सांगा. माझा भाऊ ऱ्हातो कुंभारीला. इचारतो त्याला."

आता आली का पंचाईत! नाव कुठून आणू? अक्का माझ्या दंडाला चिमटा घेतेय, गप्प बसायला की बोलायला, तेही कळेना. तेवढ्यात ओट्यावर पदर सावरत बसलेली प्राजक्ता उठली.

"मिस्त्री कुणी न्हाय. मामांनीच काढलीय. घाबरून बोलले ते. माझ्याकडं व्हिडिओ हाय."

अक्कानं डोळे मिटले. मी जमीन बघत होतो. झालं, म्हटलं, मामानं भाचीचं लग्न ग्राइंडरनं घासून टाकलं!

मुलाच्या वडिलांनी मोबाईल हातात घेतला. सगळा व्हिडिओ बघितला, हारासकट. मग मला बघितलं. आणि इतके हसले, इतके हसले, की खुंटीवरचा सदरा काढून डोळे पुसले.

"पोरगी खरं बोलली, तेबी मामाच्या तोंडावर. आमाला पसंत हाय. फोडा सुपारी!"

मी म्हटलं, सुटलो. पण ते पुढं म्हणाले, "एकच अट. लग्नाच्या गाड्यांना ह्यांनी हात लावायचा न्हाय."

आणि खरंच कुणी लावू दिला नाही. नवरीला बोहल्यापर्यंत आणायचा मामाचा मान तेवढा मिळाला. तोही चालत आणायची असते म्हणून!