मंगलताई आणि तापणाऱ्या फळ्या

गिऱ्हाईक भेटलं की मंगलताई आधी त्याला चपला काढायला लावायच्या. नांदेडात बंगल्यांच्या बागेत, गच्चीवर डेक, म्हणजे बसाय-फिरायला फळ्यांची जमीन, बसवायचं त्यांचं काम. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या फळ्यांचा तो डेक. दिसायला सागवानासारखा, वाळवीची भीती नाही. आईला परसात तसा हवा होता, म्हणून मी त्यांना बोलावलं. पन्नाशीच्या मंगलताई साडीवर पुरुषी शर्ट चढवून स्कुटीवरून आल्या, एक गडद तपकिरी फळी उन्हात ठेवून गेल्या आणि भर दुपारी परत आल्या.

"मॅडम, चपला काढा. उभ्या ऱ्हावा हिच्यावर."

मी पाय टेकवला आणि ओरडून बाजूला झाले.

"अजून मे महिना यायचाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता सांगा, टाकायचा का?"

आई हसली. "बाई, तुम्ही माल विकायला आलात ना?"

"हाव की मावशी. पन आधी वाईट सांगते. चांगलं तर कंपनीनं छापलेलंच हाय."

मग वाईट सगळं आलं. उन्हानं रंग फिका पडतो. ओरखडा उठला तर लाकडासारखा रंधा मारून घालवता येत नाही. खाली ओल राहिली की शेवाळ धरतं. शेवटी ठरलं, फिक्या रंगाच्या फळ्या, आणि त्याही फक्त कडुनिंबाच्या सावलीत.

काम सुरू झाल्यावर त्यांचं आणि आईचं वाजलं. फळ्यांमध्ये आणि भिंतीपाशी त्यांनी फट सोडली होती. आईला ते अर्धवट वाटलं. "कचरा जाईल आत. नीट जोडून घ्या."

"मावशी, तापली की फळी पसरती. तिला जागा न्हाई दिली तर मधूनच फुगती. मी चिकटून बसवनार न्हाई. पटत नसंल तर माल गाडीत भरते."

आईनं फटी राहू दिल्या. मंगलताईंनी खालच्या लोखंडी सांगाड्याला उतार दिला, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि पोटावर झोपून, टॉर्च लावून ते खालून पुरतं निघून गेल्याचं पाहिलं. मगच उठल्या.

चहाच्या वेळी मी विचारलं, "एवढी भीती घातली तर काम मिळतं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांनी बसवलेला पहिला डेक त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर होता. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. लेकीच्या कामाचं त्यांना भारी कौतुक. साखरेच्या आजारानं त्यांच्या तळपायांची जाणीव गेली होती. एका दुपारी ते अनवाणी कुंड्यांना पाणी घालत राहिले. पाय भाजत होते, त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी तळव्यांवरचे फोड मंगलताईंच्या आईला दिसले. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली.

"मी दवाखान्यात म्हनलं, बाबा, मी हा धंदाच सोडून देते. तर म्हनले, सोडू नको. फळी तापती हे मला कुनी सांगितलं न्हाई, एवढंच झालं. तू सांगत जा." कप पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं ठाऊक होतं, मॅडम? मी फळीवर सावलीतच हात फिरवून बघितला होता."

त्यानंतर दर पावसाळा संपला की त्या न बोलावता यायच्या. फटींमधला पाला काढायच्या, ब्रशनं शेवाळ घासायच्या आणि आईशी तासभर गप्पा मारून जायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे बाबा वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मंगलताई मला गच्चीवर घेऊन गेल्या. तो डेक तसाच होता, वर हिरवी जाळी ताणलेली. एका कडेला प्लास्टिकची खुर्ची.

"हा तुम्ही उखडून टाकला असेल असं मला वाटत होतं," मी म्हणाले.

"मी पाना घेऊन वर आले होते," त्या म्हणाल्या. "बाबा काठी टेकत मागं आले आन् फळ्यांवर बसूनच राहिले. उठंचनात. मग ही जाळी बांधली. रोज ऊन उतरलं की इथंच बसायचे. कुनी आलं की वर बोलवायचे." त्या खुर्चीकडे वळल्या. "तसल्या अधू पायानं जिना चढून, मॅडम. सांगायचे, हे माझ्या पोरीनं केलंय."

त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. खालून कुणीतरी हाक मारली, तरी त्या तिथून हलल्या नाहीत.